नेमारच्या जागी कोण?

९ जुलै २०१४, रात्रीचा दीड. ब्राझीलमध्ये तेव्हा ८ तारखेची संध्याकाळ, पाच वाजलेले. बेळगावात पावसानं धार धरलेली होती. गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या मखराचं सामान एका कोपऱ्यात सरकवून, फुटबॉल वर्ल्ड कपचा ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना बघायला आम्ही बारा-पंधरा जण टीव्हीसमोर बसलो होतो. पत्रा गळत होता म्हणून टीव्हीच्या डोक्यावर खताच्या पोत्याचा कागद टाकला होता. रमजान चालू होता, त्यामुळं कॅम्पातली दोन पोरं ‘मॅच संपली की सरळ सेहरीलाच जातो’ म्हणून येऊन बसली होती.

पडद्यावर ब्राझीलचे अकरा आले आणि खोलीत एकदम कालवा उठला. ब्राझीलचा हुकमी खेळाडू नेमार जखमी होता, त्याच्या जागी विलियन येणार असाच सगळीकडे बोलबाला होता. नाव आलं बर्नार्डचं. वय एकवीस, अंगानं किरकोळ, त्या वर्ल्ड कपात पहिल्यापासून मैदानात उतरायची त्याची ती पहिलीच वेळ.

“बरोबर केलंय बघ,” सुभेदार काका म्हणाले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तरुणपणी पलटणीच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलेले. “पोरगा तिथलाच हाय. घरचं मैदान. जीव तोडून खेळतंय बघ.”

“आजोबा, कोण खेळणार ते सोडा, मध्ये किती जण हायत ते मोजा की,” माझा भाचा म्हणाला. तो तेव्हा कॉलेजात होता, आता टर्फवर लहान पोरांना शिकवतो.

हा वाद त्या रात्री सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. मी शाळेच्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. आमच्याकडं नवीन कोणी शिकवायला आलं की त्याच्यापुढं मी हे प्रकरण टाकतो. निकाल सगळ्यांना पाठ असतो, जर्मनी सात, ब्राझील एक. त्या आधीच्या चार दिवसांत आणि त्याच्याही आधीच्या एका वर्षात काय ठरलं आणि काय ठरवायचं राहून गेलं, हे मात्र कुणी नीट मांडत नाही.

कोच कोण होता

लुईझ फेलिपे स्कोलारी. ज्यांना तो फक्त सात-एकवाला म्हणून माहीत आहे त्यांनी २००२ आठवावं. त्या वर्षी सगळा ब्राझील ‘रोमारिओला घ्या’ म्हणून ओरडत होता आणि यानं रोमारिओला घेतलं नाही. कप जिंकून आणला. त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून त्यानं जुनिन्यो पॉलिस्ताला बसवून क्लेबरसनला आत घेतलं आणि संघाचा मधला भाग घट्ट झाला. म्हणजे या माणसाला बदल करता येत नव्हता, असं म्हणायची सोय नाही. उपांत्य सामन्यात रोनाल्डिन्यो लाल कार्डामुळं बाहेर होता, तेव्हा त्याच्या जागी एडिल्सनला उभं केलं, तुर्कस्तानला एक-शून्य हरवलं आणि पुढं गेले.

माझ्या मते २०१४ चं बी इथंच पडलं. मोठा खेळाडू उपांत्य सामन्याला नाही, त्याच्या जागी त्याच पद्धतीचा दुसरा उभा केला आणि सामना निघाला. एकदा निघालेली युक्ती कोच लोक जन्मभर खिशात ठेवतात. मी कुणाला हसत नाही, माझ्याही खिशात दोन-चार आहेत.

नोव्हेंबर २०१२ मध्ये स्कोलारी परत ब्राझीलच्या संघावर आला. ३० जून २०१३ ला माराकानावर कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात त्यानं स्पेनला तीन-शून्य लोळवलं. स्पेन तेव्हा जगज्जेता. मध्यभागी फ्रेड, ज्यानं त्या स्पर्धेत पाच गोल केले. डावीकडं नेमार, उजवीकडं हल्क, मागं ऑस्कर, त्यामागं लुईझ गुस्ताव्हो आणि पॉलिन्यो. सगळा देश नाचला.

त्यानंतर जवळजवळ एक वर्षानं, १२ जून २०१४ ला, वर्ल्ड कपचा पहिला सामना क्रोएशियाशी. संघ तोच, अकराच्या अकरा, एकही नाव इकडचं तिकडं नाही.

सुभेदार काका याला ‘विश्वास’ म्हणतात. भाचा म्हणतो, “एक वर्षात माणसाच्या चपला बदलतात, याची टीम नाही बदलली.” मला दोघांचंही अर्धं पटतं. जिंकलेला संघ मोडायला छाती लागते. पण वर्षभरात फ्रेडचं गणित पार बिघडलं होतं आणि ते पहिल्या सामन्यापासून दिसत होतं. घरच्याच प्रेक्षकांनी पुढं त्याची हुर्यो केली, ती काही एका रात्रीत उगवलेली नव्हती.

गोल कुणी केले, ते मांडून बघा

हा भाग मी फळ्यावर लिहून घेतो. नावांवर वाद घालणारा माणूस आकडे लिहायला लागला की आपोआप शांत होतो.

उपांत्य सामन्यापर्यंत ब्राझीलचे गोल दहा. क्रोएशियाविरुद्ध तीन, मेक्सिकोविरुद्ध शून्य, कॅमेरूनविरुद्ध चार, चिलीविरुद्ध एक (तो सामना पेनल्टीवर सुटला), कोलंबियाविरुद्ध दोन. दहांपैकी चार एकट्या नेमारचे. ऑस्करचा एक, फ्रेडचा एक, फर्नांदिन्योचा एक. हल्कचा एकही नाही. उरलेले तीन स्टॉपर लोकांचे, म्हणजे डेव्हिड लुईझचे दोन आणि थियागो सिल्व्हाचा एक.

आता बाद फेरीतले तीन वेगळे काढा. चिलीविरुद्धचा कॉर्नरवरून. कोलंबियाविरुद्धचा पहिला कॉर्नरवरून, दुसरा थेट फ्री किकवर. दोन्ही कॉर्नर मारले नेमारनं. चिलीविरुद्ध त्या कॉर्नरवर डोकं लावून चेंडू पुढं सरकवणारा थियागो सिल्व्हा, आणि कोलंबियाविरुद्ध गोल करणाराही तोच.

याचा अर्थ काय निघतो? गटातले सामने संपल्यापासून ब्राझीलनं चालत्या खेळात एकही गोल केलेला नव्हता. जे काही येत होतं ते थांबलेल्या चेंडूवरून येत होतं, आणि त्या कारखान्याचे दोन मुख्य कारागीर नेमार आणि थियागो सिल्व्हा. ४ जुलैला फोर्तालेझात कोलंबियाविरुद्ध एका संध्याकाळी दोघंही गेले. नेमारच्या पाठीत कोलंबियाच्या झुनिगाचा गुडघा बसून मणक्याचं हाड मोडलं. थियागो सिल्व्हानं कोलंबियाच्या गोलीला, ओस्पिनाला, चेंडू मारताना आडवं जाऊन फुकटचं पिवळं कार्ड घेतलं. ते त्याचं स्पर्धेतलं दुसरं, म्हणजे पुढचा सामना बंद. कर्णधारानं असलं कार्ड घ्यावं याचा राग सुभेदार काकांना अजून आहे. “पलटणीत असता तर आठ दिवस पिठ्ठू लावून पळवला असता.”

तेव्हा स्कोलारीपुढचा खरा प्रश्न ‘नेमारच्या जागी कोण’ हा नव्हताच. गोल येण्याची वाट बंद झाली होती. मग निदान गोल खाण्याची वाट तरी अरुंद करायची की नाही, असा तो प्रश्न होता.

त्याच्या हातात काय होतं

चार वाटा होत्या, असं आम्ही नेहमी धरतो. बर्नार्डला घालून संघाची ठेवण, म्हणजे मैदानावरची मांडणी, तीच राखणं. विलियनला घालून ठेवण तीच, पण पाय जरा मुरलेले. पॉलिन्यो किंवा रामिरेस यांपैकी एकाला घालून मध्ये तीन जण करणं. किंवा फ्रेडला बसवून पुढची सगळीच मांडणी नव्यानं करणं.

यातली चौथी वाट चार दिवसांत होत नाही. कागदावर छान दिसते, एवढंच. दुसरी आणि पहिली या एकाच वाटेच्या दोन फांद्या, तरी जगभर आणि आमच्या खोलीतही सगळ्यात जास्त आवाज त्या दोन नावांवरच चढला. खरी निवड पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत होती.

स्कोलारीनं पहिली घेतली. बर्नार्ड बेलो होरिझोंतेचाच, तिथल्या अॅटलेटिको मिनेइरोमधून वर आलेला. सामना त्याच शहरात, मिनेइराव मैदानावर. प्रेक्षक पेटतील, पोरगं पळेल, जर्मनांना पहिल्या वीस मिनिटांत घाबरवू, असा हिशोब असावा. थियागो सिल्व्हाच्या जागी दांते. हा बायर्न म्युनिकचा, समोरच्या निम्म्या जर्मनांबरोबर रोज सराव करणारा. त्या निवडीवर आमच्यात कुणाची तक्रार नाही.

राष्ट्रगीताच्या वेळी डेव्हिड लुईझ आणि गोली ज्युलिओ सेझार यांनी नेमारचा टी-शर्ट हातात धरला होता. आमच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, “काय मयत झालंय काय?” तेव्हा आम्ही हसलो. आता तो टी-शर्ट आठवला की वाटतं, संघाच्या मनातली मांडणी तिथंच दिसत होती. नेमारची जागा त्यांनी रिकामी धरून ठेवली होती आणि तिथं एक पोरगं नुसतं उभं केलं होतं.

एकोणतीस मिनिटं

अकराव्या मिनिटाला क्रूसचा कॉर्नर, मुलर एकटा, गोल. तेविसाव्याला क्लोसा, वर्ल्ड कपातला त्याचा सोळावा, रोनाल्डोचा विक्रम त्याच्याच देशात मोडून. चोविसाव्याला क्रूस. सव्विसाव्याला परत क्रूस. एकोणतिसाव्याला खेदिरा. पाच-शून्य.

आमच्या खोलीत चौथ्या गोलाला कुणीतरी म्हणालं, “रिप्ले दाखवायलेत.” रिप्ले नव्हता.

चौथा गोल मी पोरांना सावकाश दाखवतो. सेंटर झाल्या झाल्या, म्हणजे मधून खेळ परत सुरू होताच, चेंडू मागं येतो, फर्नांदिन्योकडं. क्रूस त्याच्या पाठीमागून येतो, चेंडू काढून घेतो, खेदिराला देतो, परत घेतो, गोल. फर्नांदिन्योच्या आसपास बघा, मदतीला आपलं माणूस नाही. ऑस्कर पुढं, डावीकडचा बचावपटू मार्सेलो वर गेलेला, लुईझ गुस्ताव्हो एकटा दोघांना बघतोय. जर्मनीचे मध्ये तीन, श्वाइनस्टायगर, खेदिरा आणि क्रूस. वरून ओझिल आत येतो, मुलर आत येतो. ब्राझीलचे मध्ये दोन. आपल्याकडं लगोरीतसुद्धा एवढं विषम वाटप कुणी करत नाही.

मध्यंतरापर्यंत बाकावरून एकही बदल नाही. एकोणतिसाव्यापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत सोळा मिनिटं जर्मनांनीच पाय आवरता घेतला म्हणून पाचावर थांबलं.

मध्यंतरानंतर हल्क आणि फर्नांदिन्यो बाहेर, पॉलिन्यो आणि रामिरेस आत. एकोणसत्तराव्या मिनिटाला फ्रेडच्या जागी विलियन. त्याच मिनिटाला जर्मनीच्या शुर्लेनं, जो आधीच बदली म्हणून आला होता, सहावा मारला, एकोणऐंशीव्याला सातवा. नव्वदाव्याला ऑस्करचा एक. ब्राझील स्वतःच्या देशात अधिकृत स्पर्धेचा सामना आधी हरला होता तो १९७५ मध्ये, पेरूशी, आणि तोही याच मिनेइराववर.

पोरं सेहरीला गेली. सुभेदार काका छत्री उघडून दारात थोडा वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत, मग निघून गेले.

काकांची बाजू

ही बाजू मी जरा ऐसपैस मांडतो. टीव्हीवर, कट्ट्यावर, सगळीकडं भाच्याचीच बाजू गाजते आणि काकांची कुणी ऐकून घेत नाही.

काकांचं पहिलं म्हणणं असं. चार दिवस होते. त्यात फोर्तालेझाहून परत यायचं, थकलेली पोरं, एक कर्णधार नाही, एक हिरो दवाखान्यात, बाहेर वीस कोटी माणसं छाती बडवतायत. अशा वेळी ‘आता आपण वेगळ्या पद्धतीनं खेळणार’ असं सांगितलं की पोरांच्या कानात एकच शब्द जातो. घाबरलाय. “लाइनमधला माणूस पडला की मागचा पुढं येतो. लाइन मोडत नाही. लाइन मोडली की मग माणसं पडायला लागतात.”

दुसरं म्हणणं, तीच पद्धत त्याला दोनदा फळली होती. २००२ ला एडिल्सननं भागवलं. २०१३ ला याच ठेवणीनं स्पेन आडवा झाला. “ज्या हत्यारानं दोन लढाया मारल्या ते तिसऱ्या वेळी टाकून देऊ?”

तिसरं, जे मला सगळ्यात जड वाटतं. भाचा नेहमी म्हणतो, मध्यंतरानंतर मध्ये माणसं वाढवली तेव्हा ब्राझीलनं पाच-दहा मिनिटं चांगला जोर लावला, जर्मन गोली नॉयरला पॉलिन्योचे आणि ऑस्करचे फटके अडवावे लागले. तेच आधी केलं असतं तर? काका म्हणतात, पाच-शून्य झाल्यावर जर्मन ढिले पडले होते, मध्यंतराला त्यांनी आपसातच ठरवलं होतं की समोरच्याची फार शोभा करायची नाही. त्या दहा मिनिटांवरून काही सिद्ध होत नाही. हे बरोबर आहे. मी भाच्याला तो पुरावा काढून टाकायला लावलाय.

चौथं, बाकावरून बदल का नाही? काका म्हणतात, तिसाव्या मिनिटाला कुणाला बाहेर काढणार? ज्याला काढाल त्याच्या कपाळावर तो सामना जन्मभर गोंदला जाईल. घरच्या साठ हजार माणसांसमोर त्याला मैदानाबाहेर चालत यायला लावायचं? “बाप असं करत नाही.” स्कोलारी आपल्या संघाला कुटुंबच म्हणायचा.

यावर मला उत्तर सुचत नाही. आहे ते एवढंच की बदल म्हणजे दर वेळी माणूस काढणं नव्हे. ऑस्करला खाली ओढता येतं, मार्सेलोला ‘वर जाऊ नकोस’ म्हणता येतं, बर्नार्डला आत घेऊन एका कडेचा हट्ट सोडता येतो. अकराव्या आणि तेविसाव्या मिनिटाच्या मध्ये बारा मिनिटं होती, आणि त्या बारा मिनिटांत ठेवण तशीच होती.

भाच्याची बाजू

भाच्याचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नेमारची दुखापत कुणाला माहीत नव्हती, मान्य. पण थियागो सिल्व्हाच्या नावावर एक पिवळं आधीच होतं. फ्रेड चालत नव्हता हे जूनमध्येच दिसलं होतं. दुसरी मांडणी चार दिवसांत शिकवता येत नाही हे काकांचं म्हणणं खरं, पण मग ती वर्षभरात का नाही शिकवली? जिंकलेल्या संघाच्या नावानं सराव केला आणि बिघडलेल्या संघासाठी काहीच ठेवलं नाही.

त्यानं अजून एक गोष्ट शोधून ठेवली आहे, आणि ती मात्र काकांनासुद्धा टोचते. सात-एकनंतर चार दिवसांनी, १२ जुलैला, ब्राझीलियात तिसऱ्या क्रमांकाचा सामना हॉलंडशी होता. स्कोलारीनं तब्बल सहा नावं बदलली. मार्सेलो, दांते, फर्नांदिन्यो, बर्नार्ड, हल्क आणि फ्रेड गेले. थियागो सिल्व्हा, मॅक्सवेल, पॉलिन्यो, रामिरेस, विलियन आणि जो आले. ठेवण? तीच, चार-दोन-तीन-एक, म्हणजे मागं चार, मध्ये दोन, त्यांच्यापुढं तीन आणि टोकाला एक. निकाल शून्य-तीन.

“आजोबा, बदलला की त्यानं. सहा माणसं बदलली,” भाचा म्हणतो. “पोती तीच, बैलगाडी तीच, फक्त बैल बदललेत.”

खरं तर पूर्ण स्पर्धाभर स्कोलारी माणसं बदलतच होता. मेक्सिकोविरुद्ध हल्कच्या जागी रामिरेस, चिलीपासून पॉलिन्योच्या जागी फर्नांदिन्यो, कोलंबियाविरुद्ध दानी आल्वेसला बसवून मायकॉन. त्याच्यावर ‘हट्टी, कुणालाच बदलत नाही’ असा जो शिक्का आहे तो चुकीचा आहे, आणि त्या शिक्क्यामुळं खरी गफलत झाकली जाते.

समोरच्या बाकावर

तिकडं जर्मनीचा योआखिम ल्योव्ह. तोही कमी हट्टी नव्हता. फिलिप लाम हा त्यांचा सगळ्यात चांगला राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, पण ल्योव्ह त्याला मध्ये खेळवत होता. जर्मनीत त्यावरून नुसता गदारोळ चालला होता. ३० जूनला अल्जीरियानं त्यांना जादा वेळेपर्यंत ओढलं, मुस्ताफी जखमी झाला आणि लामला नाइलाजानं उजव्या बाजूला जावं लागलं.

चार दिवसांनी फ्रान्सविरुद्ध ल्योव्हनं नाइलाजाचं धोरण केलं. लाम पहिल्यापासून राइट बॅक, मेर्टेसाकर बाकावर, पुढं छत्तीस वर्षांचा क्लोसा. एक-शून्य जिंकले. तोच संघ, तीच ठेवण घेऊन ते बेलो होरिझोंतेला आले. तिसरा गोल आठवा, उजव्या कडेनं आलेला क्रॉस लामचाच होता.

दोन्ही कोचना एकाच आठवड्यात अपघात झाला. एकानं अपघातानं उघडलेल्या वाटेनं पुढं जायचं ठरवलं. दुसऱ्यानं अपघात झालाच नाही असं धरून संघ उतरवला. यात नशिबाचा वाटा मोठा आहे हे कबूल. मुस्ताफीचा पाय धड राहिला असता तर ल्योव्हनं काय केलं असतं, कोण सांगणार?

बत्तीस साइजचा टी-शर्ट

आता माझं. हे सांगितल्याशिवाय स्कोलारीवर बोलायचा मला हक्क नाही.

सात-एकनंतर दोनेक वर्षांनी आमच्या शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ एका स्पर्धेत उपांत्य सामन्याला पोचला. समोर घाटापलीकडचा, गोव्याचा संघ. गोव्याची पोरं म्हणजे चेंडू पायाला चिकटवूनच जन्मलेली. आमचं हुकमी पान म्हणजे डावीकडचा सात नंबर. वारा. चेंडू त्याच्या पुढं टाकायचा आणि बघत बसायचं. सामन्याच्या आदल्या रात्री त्याला ताप भरला. सकाळी त्याच्या आईचा फोन, “सर, उठवेना हो त्याला.”

मी काय केलं? पेटी उघडली. सात नंबरचा टी-शर्ट बत्तीस साइजचा. उरलेल्या पोरांत तो अंगाला बसणारं एकच पोरगं होतं, शहापूरचं, सहावीतलं, चपळ, पण स्पर्धेत दहा मिनिटंसुद्धा न खेळलेलं. मी त्याला टी-शर्ट दिला आणि म्हणालो, “त्याच्यासारखं खेळ.”

मध्ये खेळणारी दोन दणकट पोरं बाकावर होती. त्यातल्या एकाचे वडील माझ्यामागंच उभे होते आणि मोठमोठ्यानं बोलत होते. त्यांचं ऐकलं असं दिसू नये म्हणूनही असेल, मी त्या पोराकडं बघितलं नाही. हे मी आज लिहितोय, तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही की निवडीत माझा अहंकार घुसलाय.

पंधरा मिनिटांत तीन गोल बसले. तिन्ही मधून. डावीकडं ते पोरगं चुन्याच्या रेघेवर एकटं उभं, चेंडूची वाट बघत, चिखलानं टी-शर्टाचा सात दिसेनासा झालेला. काका छत्री घेऊन रेघेजवळ होते. ते म्हणाले, “दम धर.” भाचा म्हणाला, “मामा, त्याला आत घे, मध्ये.” मी बदलीची चिठ्ठी लिहिली, हातात धरली, आणि पहिला हाफ संपेपर्यंत दिली नाही. पावसानं शाई पसरून तिचा लगदा झाला. चार-शून्य हरलो.

त्या वडिलांनी चार दिवस शाळेत येऊन तक्रार केली, त्यांच्या पोराला का नाही घेतलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते सामन्यानंतर, पोरं बूट धुवत होती तेव्हा. तो शहापूरचा पोरगा नळावर माझ्याशेजारी आला आणि अगदी सरळ विचारलं, “सर, मी काय करायचं होतं?”

मी त्याला कुणाच्या जागी खेळायचं ते सांगितलं होतं. काय करायचं, ते सांगितलंच नव्हतं.

निकाल देताना

स्कोलारीनं सामन्यानंतर जबाबदारी स्वतःवर घेतली, संघ मीच निवडला आणि डावपेचही माझेच असं स्वच्छ सांगितलं, आणि १४ जुलैला तो गेला. ज्यात चार गोल बसले त्या सहा मिनिटांना तो आणि त्याचे सहकारी एक प्रकारचा ‘अंधार’ म्हणत राहिले, जणू वीज गेली. मला ते पटत नाही. बेळगावात वीज रोज जाते. ज्याच्या घरात मेणबत्ती कुठं ठेवलीय हे ठरलेलं असतं त्याचं फार अडत नाही.

मध्ये तीन माणसं घातली असती तर ब्राझील जिंकला असता का? मला नाही वाटत. तो जर्मन संघ भारी होता, पाच दिवसांनी कप उचलून घेऊन गेला. दोन-शून्य, तीन-एक असं काहीतरी झालं असतं आणि आज आम्ही त्यावर बोलत बसलो नसतो. विलियननं काही फरक पडला नसता. बर्नार्डची त्यात काडीचीही चूक नव्हती, आणि त्याच्या नावावर ती रात्र टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

हल्ली उन्हाळी शिबिरात आम्ही एक खेळ करतो. बाकावर सोड्याच्या बाटल्यांची अकरा बुचं मांडायची. एक उचलायचं, खिशात टाकायचं. मग समोरच्याला सांगायचं, आता मांड. बहुतेक जण बाजूचं बारावं बूच घेतात आणि नेमक्या त्याच रिकाम्या जागी ठेवतात. भाचा सगळी बुचं गोळा करतो, मुठीत खुळखुळवतो आणि पहिल्यापासून मांडायला घेतो.

गेल्या मे महिन्यात काका काठी टेकत लेले मैदानावर आले होते. बराच वेळ त्याची मांडणी बघत राहिले. भाचा पाणी प्यायला उठला, तेव्हा त्यांनी डावीकडचं एक बूच बोटानं हळूच सरकवून परत रेघेवर नेलं आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.